'महा' या शब्दाची कैफियत

हे लहानसे पुस्तक एका शब्दाविषयी आहे. शब्द अरबी भाषेतला, उच्चारास सोपा आणि दोनच अक्षरांचा; परंतु देवनागरीत उतरवताच तो आपल्या अतिपरिचयाच्या एका संस्कृत शब्दाशी इतका एकरूप दिसतो, की महाराष्ट्र, महाभारत, महापूर अशा सामासिक शब्दांवर पोसलेल्या मराठी वाचकास या 'महा'पुढे काहीतरी राहून गेले आहे, छापखान्यात उत्तरपद गळून पडले आहे, असाच भास व्हावा. अरबीतला 'महा' मात्र कोणाचे विशेषण नाही आणि कोणत्याही उत्तरपदाची त्याला अपेक्षा नाही. ते स्वयंपूर्ण नाम आहे; आणि ते नाम अरबस्तानच्या वाळवंटात राहणाऱ्या, अंगाने दुधासारख्या पांढऱ्या, पायांनी काळपट आणि डोक्यावर हातभराहून लांब अशी दोन जवळजवळ सरळ शिंगे वागवणाऱ्या एका प्राण्याचे आहे. प्राणिशास्त्रज्ञ त्याला 'ओरिक्स ल्युकोरिक्स' म्हणतात. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे १ मीटर भरते आणि वजन सुमारे ७० किलो.

आपल्याकडे अशा प्राण्यास सरसकट 'हरीण' म्हणण्याचा शिरस्ता आहे. ज्यांची शिंगे फांद्याफांद्यांची असतात आणि दरवर्षी गळून पुन्हा उगवतात ते चितळ-सांबर, आणि ज्यांची शिंगे बिनफांद्यांची असून एकदा आली की मरेपर्यंत डोक्यावर राहतात ते काळवीट-चिंकारा, असे दोन अगदी निरनिराळे कुळाचार आहेत. जाणकार पहिल्यांना सारंग आणि दुसऱ्यांना कुरंग म्हणतात खरे, पण बोलीत ही हद्द कोणी पाळत नाही. रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहणारा आणि ताडोब्यात चितळ पाहणारा, दोघेही घरी येऊन हरणे पाहिली असेच सांगतात. सांगण्यात काही बिघडत नाही. बिघडते ते भाषांतरात. अरबी कवितेचा परिचय करून देणाऱ्या लेखांत 'महा' हा शब्द आला की तेथे 'हरिणी' हा शब्द बसवून मोकळे व्हावयाचे, आणि 'महेच्या डोळ्यांची' असे कवीने म्हटले असेल तेथे 'मृगनयना' लिहून पुढे जावयाचे, ही वहिवाट मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे, आणि प्रारंभी मीही तिच्याच वाटेने गेलो आहे. ती वहिवाट चुकीची का, आणि या एका शब्दाच्या पोटात जे आहे ते 'हरिणी'त का मावत नाही, हे सांगण्यासाठी पुढील पृष्ठे लिहिली आहेत.

या विचाराला पहिला धक्का मला कोणा पंडिताकडून मिळाला नाही. खेडजवळच्या आमच्या मूळ गावी माझ्या थोरल्या आत्याच्या माजघरात, तिच्या नातवाने मस्कतहून पाठवलेले एक दिनदर्शिकेचे चित्र खिळ्याला लावलेले होते. चित्रात पिवळ्या वाळूवर एक पांढरा प्राणी आडवा उभा होता आणि खाली अरबी लिपीत त्याचे नाव होते. मी ते अक्षर लावून वाचीत असता आत्या चुलीपुढून उठून आली, पदराने हात पुसले, चित्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहिले आणि म्हणाली, "हरीण म्हणतोस होय रे हिला? अरे, ही गाय आहे. तोंड बघ, मान बघ, शेपटीचा गोंडा बघ. शिंगं मेली तेवढी कुणाची आणून लावलीत कोण जाणे." जन्मभर गोठ्यात वावरलेल्या त्या बाईला अरबीचे एक अक्षर ठाऊक नव्हते, परंतु तिने जे पाहिले तेच हजार-दीड हजार वर्षांपूर्वी अरबांनी पाहिले होते, कारण या प्राण्यास त्यांनी दिलेले दुसरे नाव 'बकर अल्-वहश' म्हणजे 'रानगाय' असेच आहे, आणि त्याचा नर त्यांच्या कवितेत 'रानबैल' म्हणूनच वावरतो. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याचा 'रोही' हाही कुरंगच, पण उत्तरेकडील लोकांनी त्याला नीलगाय म्हटले आणि त्या एका नावामुळे त्याच्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कायमची ठरून गेली, हे येथे सहज आठवते. हरणाकडे माणूस एका नजरेने पाहतो, गाईकडे दुसऱ्या. हरीण चपळ, भित्रे, क्षणात दिसून नाहीसे होणारे; गाय संथ, भरदार, वासरापाशी गुंतलेली. अरबी कवीच्या मनात 'महा' म्हणताना ही दुसरी मूर्ती असते.

आता कोशाकडे वळू. अरबी-इंग्रजी कोशांत एडवर्ड विल्यम लेन याचा कोश सर्वांत वजनदार. १८६३ सालापासून त्याचे खंड निघू लागले. परंतु १८७६ साली लेन वारला तेव्हा तो वर्णमालेतील 'काफ'पर्यंत पोहोचला होता आणि पुढील अक्षरे त्याच्या टिपणांवरून जेमतेम भरून काढली गेली. 'मीम'ने आरंभ होणारा आपला शब्द त्या दुर्दैवी भागात पडतो. म्हणून तेराव्या शतकातील इब्न मन्झूर याच्या 'लिसान अल्-अरब' या महाकोशाचाच आश्रय करावा लागतो. त्या कोशात शब्द धातूच्या पहिल्या अक्षराने नव्हे, तर शेवटच्या अक्षराने लावलेले आहेत, त्यामुळे मीम-हे-वाव हा धातू अखेरच्या प्रकरणात, जेथे अनेक खंडांचा पसारा संपत आलेला असतो, तेथे भेटतो. आणि तेथे तो भेटला म्हणजे मनुष्य थबकतो. 'महू' म्हणजे पाणी मिसळून पातळ झालेले दूध. 'महू' म्हणजेच पातळ, लवलवत्या धारेची तरवार. 'महात' म्हणजे स्फटिक. 'महात' म्हणजे सूर्यही. आणि 'महात' म्हणजे रानगाय, जिचा समुदायवाचक शब्द 'महा'. हे नाव तिला का पडले याचा खुलासाही कोशकार करतो, की तिच्या शुभ्रतेमुळे ती स्फटिकासारखी भासते म्हणून.

दूध, तरवारीचे पाते, स्फटिक, सूर्य आणि गाय! पाचही अर्थांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पातळसर, आरपार जाणारे, लखलखणारे पांढरेपण. ज्या मुलखात भर दुपारी सगळे जग एकाच तपकिरी रंगाचे होते, जेथे क्षितिजावरची वस्तू आहे की भास आहे याचा निवाडा डोळ्यांना करता येत नाही, तेथे दूरवर चमकणारा एक ठिपका दिसावा आणि तो ठिपका चालू लागावा, हा अनुभव या शब्दात साठवलेला आहे. तोच प्राणी आज अरबस्तानात बोलीत 'वुदैही' या नावाने ओळखला जातो, आणि तेथेही धातूचा अर्थ 'स्पष्ट असणे, उजळ असणे' हाच आहे. आपला 'मृग' शब्द मुळात कोणत्याही वन्य पशूस लागू होता, म्हणूनच सिंह मृगराज आणि शिकार ती मृगया. पुढे तो संकोचून हरणापुरता उरला. मृग हा शब्द शोधण्याच्या, पाठलागाच्या अंगाने वाढला; 'महा' हा शब्द दिसण्याच्या अंगाने वाढला. दोन्ही भाषांनी आपापल्या रानात जे महत्त्वाचे वाटले ते पकडून ठेवले. शिवाय मराठी माणसाच्या मनात मृग म्हटले की जूनचा आरंभ, पहिला पाऊस, मृगाचा लाल मखमली किडा आणि पेरणी येते. 'महा' म्हटले की अरबाच्या मनात येतो तो पाण्यावाचून महिनोन्महिने काढणारा जीव. एका शब्दात ओल आहे, दुसऱ्यात कोरडा उजेड आहे. एकाच्या जागी दुसरा कसा बसवावयाचा?

डोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या शब्दाची सगळ्यांत मोठी मिरास डोळ्यांपाशी आहे. काही वर्षांपूर्वी अबुधाबीच्या मुलखात अल्-ऐन येथील प्राणिसंग्रहालयात मी महा जवळून पाहिल्या. दुपारची वेळ होती. एक महा झाडाच्या सावलीत खुरांनी वाळू उकरून केलेल्या उथळ खळग्यात अंग दाबून बसली होती, जणू वरची तापलेली वाळू बाजूला सारून खालच्या गारव्याची तिला माहिती होती. ती उठली आणि कुंपणापासून दहा पावलांवर येऊन माझ्याकडे वळली. चेहरा पांढरा, कपाळावर काळा पट्टा, नाकावर काळा पट्टा, आणि शिंगाच्या मुळापासून निघून डोळ्यावरून जबड्यापर्यंत गेलेला आणखी एक काळा पट्टा. त्या पट्ट्यामुळे डोळा कोठे सुरू होतो आणि काजळ कोठे संपते हे कळेनासे होते, आणि मुळात मोठा असलेला डोळा दुप्पट मोठा भासतो. अरबीत डोळ्यातील पांढऱ्याचा अति पांढरेपणा आणि काळ्याचा अति काळेपणा यास 'हवर' म्हणतात. आपल्या परिचयाचा 'हूर' शब्द याच घरचा. 'ईन' म्हणजे विशालनेत्रा, आणि हे विशेषण इतके या प्राण्याचे झाले आहे, की नुसते 'ईन' म्हटले तरी जुन्या कवितेत रानगाई असा अर्थ होतो. झुहैर कवीच्या मुअल्लकेत, म्हणजे इस्लामपूर्व काळातील नावाजलेल्या दीर्घ कवितांपैकी एकीत, प्रियेच्या टोळीने सोडून दिलेल्या ओसाड तळावर ज्या फिरत असतात त्या याच. नवव्या शतकातील अली इब्न अल्-जह्म याने बगदादच्या नदीकाठच्या स्त्रियांविषयीच्या आपल्या विख्यात कसीद्याचा आरंभच या डोळ्यांनी केला, आणि तेव्हापासून वाळवंट कधीही न पाहिलेल्या नागर अरबाच्या तोंडीही 'महेचे डोळे' हा शब्दप्रयोग कायम झाला.

आपल्या मृगाक्षीत चांचल्य प्रधान आहे. महेच्या डोळ्यांत स्थैर्य प्रधान आहे. ती पाहते ती टक लावून. ग्रीकांच्या होमरने आपल्या देवराणीस गोनेत्रा म्हटले आहे, त्या उपमेचे नाते अरबी उपमेशी अधिक जवळचे आहे, असे माझे मत झाले आहे.

परंतु हा शब्द केवळ शृंगाराच्या दप्तरी नोंदलेला नाही, आणि भाषांतरकारांच्या 'मृगनयने'मुळे वाचकाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते येथेच. इस्लामपूर्व अरबी कवितेत रानगाय येते ती बहुधा उंटिणीच्या वर्णनात. कवी आपल्या उंटिणीच्या वेगाची आणि सोशिकतेची उपमा देऊ लागतो, आणि उपमान म्हणून आलेली रानगाय बघता बघता कवितेचा ताबा घेते. लबीद इब्न रबीआ याच्या मुअल्लकेतील प्रसंग याचा उत्तम दाखला आहे. त्या गाईचे वासरू लांडग्यांनी मारले आहे. ती ते शोधीत, हंबरत वाळूच्या टेकड्यांतून फिरते आहे. रात्री पाऊस लागतो. कळपापासून तुटलेली ती एका एकाकी झाडाच्या बुडाशी अंग चोरून उभी राहते, आणि अंधारात तिची शुभ्र काया ओवणीतून निसटलेल्या मोत्यासारखी दिसते, असे कवी सांगतो. तिचे दिवसांमागून दिवस असे जातात, आचळातले दूध आटते. मग एका पहाटे माणसांची चाहूल लागते. शिकारी दिसत नाहीत, पण भय पुढूनही वाटते आणि मागूनही. तीर पोहोचत नाहीत असे पाहून शिकारी कुत्री सोडतात. आणि येथवर पळणारी ही माता वळते, भाल्यासारखी शिंगे खाली घालते, आणि अंगावर आलेल्या कुत्र्यास लोळवते. लबीदने त्या कुत्र्यांची नावेसुद्धा देऊन ठेवली आहेत, कसाब आणि सुखाम. शत्रूलाही नाव देण्याचा हा मोठेपणा मला फार भावतो. एवढे झाल्यावर कवी शांतपणे सांगतो की माझी उंटीण अशी आहे.

हरिणीच्या बाबतीत हे घडले नसते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या बाणापुढे जो मृग धावतो तो मागे वळून पाहतो खरा, पण भयाने. त्याला वाचवावयास आश्रमवासी मध्ये यावे लागतात. सीतेचा कांचनमृग तर मायावीच. आपल्या काव्यात मृग हा करुणेचा आणि मोहाचा विषय आहे. 'महा' ही करुणेचा विषय असूनही लढणारी आहे, आणि तिच्या हाती शिंगांचे खरे शस्त्र आहे. वाळवंटातल्या लोकांनी प्रत्यक्ष कुत्री फाडलेली पाहिल्यावाचून ही कविता झालेली नाही.

बसऱ्याचा अल्-जाहिझ, ज्याचा 'किताब अल्-हयवान' हा पशुजीवनावरील प्रचंड ग्रंथ नवव्या शतकातला, त्याने या प्रसंगाविषयी एक निरीक्षण करून ठेवले आहे, जे मला अरबी काव्यशास्त्रातील सर्वांत मार्मिक निरीक्षणांपैकी वाटते. तो म्हणतो की कविता शोकपर किंवा उपदेशपर असेल तर कवी कुत्र्यांकडून रानगाय मारवतो. आणि कविता स्तुतिपर असेल, कवीला आपली उंटीण त्या गाईसारखी आहे असे सांगावयाचे असेल, तर कुत्री मरतात आणि गाय वाचते. आणि हे काही एका विशिष्ट घटनेचे बयान म्हणून नव्हे, तर कवींचा तसा प्रघात म्हणून. याचा अर्थ असा, की 'महा' हा शब्द कवितेत आला म्हणजे जाणकार श्रोता कान टवकारून बसत असे, कारण त्या प्राण्याच्या जगण्यामरण्यावरून त्याला पुढील सर्व कवितेचा रोख कळणार असे. केवळ सुंदर डोळ्यांचा अर्थ घेऊन हा भार कसा पेलणार?

इतर लोकांनी या जातीच्या प्राण्यांस काय म्हटले तेही थोडक्यात पाहू. प्राचीन मिसरी लोकांत त्याच्या आफ्रिकी भाऊबंदाचे नाव 'मा-हेज' असे होते, त्यातील उत्तरार्धाचा अर्थ पांढरा. वरच्या मिसरचा सोळावा परगणाच या नावाने ओळखला जाई, आणि बेनी हसनची चित्रांकित थडगी त्याच परगण्यात आहेत. मा-हेज आणि महा यांतील ध्वनिसाम्याने कोणी हुरळून जाऊ नये. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. ग्रीकांनी मात्र रंग सोडून शिंग धरले: 'ओरिक्स' म्हणजे टिकाव, खणण्याचे टोकदार हत्यार. अरिस्टॉटलने तर ओरिक्स हा दुभंग खुरांचा पण एकशिंगी प्राणी असल्याचे लिहून ठेवले. अल्-ऐनला ती महा माझ्यासमोर आडवी उभी राहिली तेव्हा दोन शिंगे एकामागे एक येऊन खरोखरच एक झाली, आणि तिने मान किंचित हलवीपर्यंत मला दुसरे शिंग दिसले नाही. अरिस्टॉटलला ही बातमी देणाऱ्या प्रवाशाने काय पाहिले असेल ते त्या क्षणी मला समजले.

याहून मनोरंजक कथा 'रिम' या अरबी शब्दाची आहे, जो पांढऱ्या कुरंगांना लावतात आणि जो 'रीम' या रूपाने आज असंख्य मुलींचे नाव आहे. याचाच सगोत्र शब्द अक्कडी भाषेत 'रीमु' आणि हिब्रूत 'रेएम' असा सापडतो, पण तेथे त्याचा अर्थ प्रचंड रानबैल असा आहे. तोच रानबैल, ज्याची शेवटची गाय १६२७ साली पोलंडमध्ये मेली. उत्तरेतल्या सुपीक मुलखात ज्या शब्दाने बैलाचा बोध होई, तो अरबस्तानात, जेथे तसला बैल नव्हता, कुरंगावर येऊन स्थिरावला. इकडे यहुदी धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी 'रेएम'ला 'एकशिंगी' असा प्रतिशब्द दिला, आणि तो चालत चालत १६११ च्या इंग्रजी बायबलात जाऊन काल्पनिक एकशिंगी घोड्याचा आधार झाला. भाषांतरातला एक प्रतिशब्द चुकला म्हणजे केवढे जनावर जन्मास येते, याची यापेक्षा चांगली साक्ष मला ठाऊक नाही.

येथे 'गझल'विषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. जखमी हरणाच्या कंठातून निघणारा आर्त स्वर म्हणजे गझल, अशी व्युत्पत्ती आपल्या मुशायऱ्यांतून आदराने सांगितली जाते. माधव जूलियनांच्या १९३३ च्या 'गज्जलांजली'पासून सुरेश भटांपर्यंत मराठीने हा काव्यप्रकार इतक्या प्रेमाने आपलासा केला आहे, की त्याच्या नावाविषयीची माहितीही शुद्ध असावी असे मला मनापासून वाटते. अरबीत 'गझल' म्हणजे स्त्रियांशी केलेले प्रेमाचे बोलणे. 'गझाल', मधला स्वर दीर्घ, म्हणजे लहान चणीचे कुरंग. आणि 'गझ्ल' म्हणजे सूतकताई. अक्षरे तीच, रूपे निराळी, अर्थही निराळे. आणि गझाल म्हणजे महा नव्हे. गझाल खरोखरच आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातले आहे, तेथे 'हरिणी' म्हणण्यास माझी हरकत नाही.

आता या शब्दाच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रकरणाकडे येतो. हा प्राणी एके काळी सिरिया-इराकच्या वाळवंटापासून ओमानपर्यंत पसरलेला होता. उंटावरून आणि पायी होणाऱ्या शिकारीत तो टिकला, कारण त्या शिकारीत माणसाचेही बळ पणास लागे. मोटारगाड्या आणि लांब पल्ल्याच्या बंदुका वाळवंटात शिरल्या तेव्हा तो टिकला नाही. १९६२ साली लंडनच्या प्राणिरक्षक मंडळींनी मेजर इयन ग्रिमवुड यांच्या नेतृत्वाखाली एडनच्या पूर्व मुलखात पाठवलेल्या पथकास कसेबसे तीन प्राणी जिवंत नेता आले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक दिला, कुवेतमधून एक आला, सौदी अरबस्तानच्या राजे सौद यांनी चार दिले. हे नऊ प्राणी अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत, फिनिक्स येथे ठेवण्यात आले आणि त्या नऊ जीवांच्या भरवशावर पुढचा वंश सोपवला गेला. दहाच वर्षांनी, १९७२ साली, ओमानच्या जिद्दत अल्-हरासीस या दगडाळ पठारावर शेवटच्या मोकळ्या महा शिकाऱ्यांनी टिपल्या.

म्हणजे त्या वर्षापासून पुढे सुमारे दहा वर्षे अरबी भाषेत 'महा' हा शब्द होता आणि ओमानच्या वाळूवर महा नव्हती. मुलींची नावे महा ठेवली जात होती, शाळांतून लबीद शिकवला जात होता, गाण्यांतून महेचे डोळे येत होते, आणि त्या सर्व शब्दांखालचा मुलूख रिकामा होता.

त्या पठारावर हरासीस नावाची टोळी राहते. तिची हरसूसी ही भाषा अरबीहून निराळी, दक्षिण अरबस्तानातील जुन्या भाषांपैकी आहे. १९८० साली अमेरिकेतून महा परत आणल्या गेल्या, यालूनी येथे कुंपणात काही काळ ठेवून १९८२ च्या जानेवारीत पहिला कळप मोकळा सोडला गेला, आणि त्यांच्या राखणीचे काम या हरासीस लोकांवरच सोपवण्यात आले. त्या उजाड पठारावर प्राणी जगतो कसा, हेही सांगण्याजोगे आहे. समुद्रावरून येणारे ऋतुमानाचे धुके तेथे रात्री उतरते. त्या दवावर गवते आणि झाडे जगतात, आणि त्या गवतातील ओलाव्यावर महा जगते. तेथील 'गाफ' नावाचे झाड म्हणजे आपली शमीच. पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली आणि दसऱ्यास जिची पूजा होते त्या शमीची जात अरबस्तानात उन्हातल्या जनावरांस सावली देते, हे वाचून मला परक्या मुलखात गावचे माणूस भेटल्याचा आनंद झाला होता.

आनंद पुरता टिकला नाही. १९९४ साली ते पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले. १९९६ पर्यंत तेथे सुमारे ४५० महा झाल्या. आणि मग खासगी संग्रहांसाठी जिवंत पकडून विकणाऱ्यांची धाड पडली. २००७ पर्यंत त्या ६५ वर आल्या. त्याच सुमारास तेलाच्या शोधासाठी अभयारण्याची हद्द ९० टक्क्यांनी कमी करण्यात आली, आणि जागतिक वारशाच्या यादीतून नाव काढून टाकले गेलेले पहिले स्थान होण्याचा लौकिक त्या पठारास मिळाला. मात्र दुसरीकडे, सौदी अरबस्तानातील महाझत अस्-सैद आणि उरूक बनी मआरिद येथील कळप तग धरून राहिले, आणि २०११ साली, मोकळ्या महा सुमारे १,००० झाल्यावर, या प्राण्याची नोंद संकटग्रस्त वर्गातून एक पायरी वर चढवण्यात आली. रानातून समूळ नाहीसा होऊन पुन्हा इतका सावरलेला असा हा पहिलाच प्राणी.

आज हा शब्द कोठे कोठे दिसतो ते मराठी माणसास वेगळे सांगावयास नको, कारण खेड, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत क्वचितच असे घर असेल, ज्यातील कोणी ना कोणी मस्कत, दुबई, दोहा किंवा कुवेतला राहून आलेले नाही. ओमानमधील पेट्रोलपंपावर 'अल्-महा' ही पाटी त्यांनी वाचलेली असते. कतारच्या विमानाच्या शेपटीवर ते मस्तक त्यांनी पाहिलेले असते. कचेरीत महा नावाची बाई त्यांच्या ओळखीची असते. मी अशा कित्येकांस विचारले. पुष्कळांनी 'हरणाचे चित्र' असे उत्तर दिले, आणि दोघा-तिघांनी महा म्हणजे मोठी असेल, असे सांगितले. त्यांना दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अरबीशी मराठीचे लेणेदेणे जुने आहे. फारशीच्या मध्यस्थीने हुकूम आला, कायदा आला, तारीख, दाखला, हिशेब, मुलूख आले. आणि 'कसे' या अर्थाच्या 'कैफ'पासून झालेली कैफियतही आली, जी आपल्या दप्तरांतून गावांची, वतनांची आणि घराण्यांची हकीकत सांगत राहिली. दरबाराचे आणि कचेरीचे शब्द आले. वाळवंटाचे मात्र फारसे आले नाहीत, कारण जे मधल्या वाटेने आले ते इराणच्या बागांतून आणि दख्खनच्या किल्ल्यांतून आले. एका वाळवंटी शब्दाची कैफियत मराठीत नोंदावी, एवढाच या पुस्तकाचा मसुदा आहे.

पुढील प्रकरणांत जेथे जेथे मूळ कवितेचा परिचय दिला आहे तेथे मी 'महा' हा शब्द तसाच ठेवला आहे. स्त्रीलिंगी चालवला आहे, एकवचनी 'महेचा, महेला' आणि अनेकवचनी 'महा आल्या' असा. आणि जेथे फारच अडचण वाटली तेथे 'रानगाय' म्हटले आहे, 'हरिणी' कोठेही म्हटलेले नाही. वाचकांना पहिली चार-सहा पृष्ठे हा शब्द खटकेल, उत्तरपदाची चुकल्याचुकल्यासारखी वाट पाहावीशी वाटेल. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी तो मनातल्या मनातसुद्धा बदलून वाचू नये.